शनिवारी दुपारी अडीच वाजता, ब्रसेल्स

2021 च्या जानेवारी-फेब्रुवारीत लागोपाठ चार शनिवार-रविवार असे आले, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने ठरवले असते तर त्याला प्रवासाचा एक पैसाही न खर्चता तीन मोठ्या सॉफ्टवेअर परिषदांना हजेरी लावता आली असती. 23 आणि 24 जानेवारीला डेबियन या मुक्त कार्यप्रणालीसाठी काम करणाऱ्या भारतीय मंडळींची ‘मिनीडेबकॉन्फ इंडिया’ झाली. पुढचे तीन शनिवार-रविवार, 30 जानेवारीपासून 14 फेब्रुवारीपर्यंत, संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा ‘वर्डकॅम्प इंडिया’ भरला. त्यातल्याच मधल्या आठवड्यात, 6 आणि 7 फेब्रुवारीला, एरवी ब्रसेल्सच्या विद्यापीठात दाटीवाटीने भरणारा ‘फॉसडेम’ हा मेळा पहिल्यांदाच पूर्णपणे ऑनलाइन झाला. ब्रसेल्सला सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे अडीच झालेले असतात. शनिवारचे जेवण उरकून पाथर्डीची मुलगी युरोपातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळ्यात जाऊन बसू शकत होती.

हे किती मोठे होते ते कळण्यासाठी त्याआधीचा हिशेब पाहावा लागतो. पायथॉन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांची ‘पायकॉन इंडिया’ 2009 मध्ये बंगळुरूत सुरू झाली. 2011 साली ती पुण्यात, सिंबायोसिसमध्ये झाली. त्यानंतर 2019 पर्यंत बंगळुरू, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी ती फिरत राहिली. त्याच 2011 च्या नोव्हेंबरात फेडोरा या लिनक्सवाल्यांची परिषद पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली होती. नगरच्या मुलाला पुणे जवळचे, 120 किलोमीटरचे. पहाटेची एसटी धरली तर उद्घाटनाला पोहोचता येते, रात्री उशिरा परतही येता येते. बंगळुरूचे तसे नाही. दोन रात्रींचा प्रवास, राहण्याची सोय, तिकीट, आणि घरून मिळणारी परवानगी. मुलांना ती मिळते, मुलींना बहुतेकदा मिळत नाही. किती हुशार मुली या एका कारणाने अशा ठिकाणी पोहोचल्याच नाहीत, याची नोंद कुठेही होत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना परिषदा लागतात तरी कशाला? पुस्तके आहेत, व्हिडिओ आहेत, प्रत्येक भाषेची लेखी माहिती फुकट मिळते. याचे उत्तर या व्यवसायाच्या बालपणात सापडते. ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या पुढाकाराने सुमारे 50 जाणकार एकत्र बसले. संगणक वेगाने वाढत होते आणि त्यांच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम मात्र वेळेत पुरे होत नव्हते, खर्चाचा अंदाज कोलमडत होता, चुका सापडता सापडत नव्हत्या. जमलेल्या प्रत्येकाला आपल्याच कचेरीत ही अडचण आहे असे वाटत होते. ती सगळ्यांची आहे हे एकत्र बसल्यावर उघड झाले, आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी या विषयाला तिथून चालना मिळाली. परिषदेचे खरे काम आजही हेच आहे. पुस्तकात उत्तरे असतात. कोणते प्रश्न अजून कोणालाच सुटलेले नाहीत, हे माणसांकडून कळते.

त्याच वर्षी, 9 डिसेंबर 1968 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी दीड तासाचे प्रात्यक्षिक दाखवले. माउस, एकमेकांना जोडलेला मजकूर, दोघांनी एकाच वेळी एकच लिखाण दुरुस्त करणे, हे सारे लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. एंगलबार्ट सभागृहात होते, पण त्यांचा संगणक आणि काही सहकारी सुमारे 50 किलोमीटरवर, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होते. मायक्रोवेव्ह लहरींनी चित्र, आवाज आणि संगणकाची जोडणी सभागृहात आणली होती. म्हणजे दूर बसून परिषदेत भाग घेण्याची कल्पना या क्षेत्राइतकीच जुनी आहे. ती सर्वांच्या हाती यायला मात्र बावन्न वर्षे आणि एक महामारी लागली.

2020 मध्ये गूगलने आपली वार्षिक परिषद रद्द केली. मायक्रोसॉफ्टने 19 आणि 20 मे रोजी सलग 48 तास चालणारी परिषद ऑनलाइन भरवली आणि प्रवेश मोफत ठेवला. अ‍ॅपलच्या परिषदेचे तिकीट आदल्या वर्षी 1599 डॉलर होते, तेव्हाच्या दराने लाख रुपयांच्या वर, आणि तेही सोडतीत नाव निघाले तरच. 22 जून 2020 रोजी तीच परिषद सगळ्यांना खुली झाली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. ऑगस्टच्या पहिल्या तीन दिवसांत आपल्या देशातल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ची अंतिम फेरीही ऑनलाइनच झाली. ऑक्टोबरात पायकॉन इंडियाही पडद्यावर आली.

कंपन्यांच्या परिषदा आणि समुदायाच्या परिषदा यांत मात्र फरक आहे, आणि तो नवख्याने आधी समजून घ्यावा. कंपनीची परिषद हे मुख्यतः नव्या मालाचे प्रदर्शन असते. कार्यक्रम देखणा असतो, वक्ते तयारीचे असतात, तुम्ही प्रेक्षक असता. डेबियन, पायथॉन, वर्डप्रेस यांच्या परिषदा स्वयंसेवक भरवतात. तिथे आवाज खरखरतो, वक्त्याच्या मागे कुकरची शिट्टी होते, पण शेवटी तुम्हाला काम मिळते. माझा कौल दुसऱ्या प्रकाराला आहे.

आता ही परिषद घरापर्यंत पोहोचते कशी, ते पाहू. पडद्यावर येणारे चित्र दोन वेगळ्या मार्गांनी येते. पहिल्या मार्गात वक्त्याचे चित्र सर्व्हरवर जाते, तिथे त्याचे काही सेकंदांचे छोटे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा लहान, मध्यम, मोठा अशा तीन-चार आकारांत तयार ठेवला जातो. तुमचा ब्राउझर एकेक तुकडा मागवतो. रेंज चांगली असली तर मोठा, मंदावली तर लहान. म्हणूनच चित्र अचानक धूसर होते आणि पुन्हा स्वच्छ होते. ते बिघडलेले नसते, तुटू नये म्हणून त्याने आकार बदललेला असतो. यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण असेच चालते. या पद्धतीने लाखो लोक एकाच वेळी पाहू शकतात, पण तुकडे साठवून दाखवण्यात दहा ते तीस सेकंद जातात. “काही प्रश्न आहेत का?” असे वक्ता विचारतो, आणि तुमच्यापर्यंत ते वाक्य पोहोचेस्तोवर तो पुढे निघून गेलेला असतो. प्रश्न मनात आला की तो लगेच चॅटमध्ये टाकावा, शेवटपर्यंत थांबू नये, हा सल्ला अनुभवी मंडळी देतात त्याचे कारण हे आहे.

दुसरा मार्ग समोरासमोर बोलण्याचा. जित्सीसारख्या साधनांत चित्र साठवले जात नाही, आले तसे पुढे धाडले जाते. उशीर सेकंदापेक्षाही कमी होतो, म्हणून संवाद जमतो. पण खोलीत वीस जणांनी कॅमेरे चालू ठेवले तर तुमच्याकडे एकोणीस चित्रे येऊ पाहतात आणि मोबाइलच्या इंटरनेटवर बसलेला माणूस गुदमरतो. कॅमेरा बंद ठेवणे हे इथे सौजन्य आहे.

डेटाचा हिशेब एकदा करून ठेवावा. सेकंदाला 1 मेगाबिट या वेगाने येणारे साधारण बरे चित्र तासाला 450 मेगाबाइट खाते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये असे तीन तास निघतात, चौथा तास पुरा होत नाही. परिषद आठ तासांची असली तर 3.6 जीबी लागतात. पण नुसता आवाज ऐकला तर तासाला 30 मेगाबाइटही लागत नाहीत. आणि चॅटमधला मजकूर इतका हलका असतो की डोंगरातल्या एका कांडीच्या रेंजवरही तो पोहोचतो. म्हणून वक्त्याच्या स्लाइड आधी उतरवून घ्याव्यात, आवाज ऐकावा आणि चॅटमध्ये बोलावे. चित्र नंतर रेकॉर्डिंगमध्ये सावकाश पाहता येते.

नगर जिल्ह्यात हा सल्ला कागदी राहत नाही. सुमारे 17 हजार चौरस किलोमीटरचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, कळसूबाईचे शिखर आहे आणि त्याच्या आजूबाजूच्या डांगाणात एका घरात रेंज येते तर शेजारच्या घरात येत नाही. पूर्वेकडे शेवगाव-पाथर्डीला, दक्षिणेला कर्जत-जामखेडला जमीन त्या मानाने सपाट आहे, पण माणसे गावठाणाबाहेर, रानातल्या वस्तीवर राहतात. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. लाइट गेली की वायफायचा राउटर आधी मरतो, लॅपटॉप तास-दोन तास तग धरतो, मोबाइल सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे परिषदेच्या दिवशी भरलेली पॉवर बँक आणि मोबाइलचा हॉटस्पॉट हीच वस्तीवरच्या माणसाची खरी तयारी.

फॉसडेमच्या आयोजकांनी 2021 मध्ये केलेली मांडणी मला आजही सर्वांत शहाणी वाटते. त्यांनी वक्त्यांकडून भाषणे आधीच रेकॉर्ड करून घेतली. ठरल्या वेळी रेकॉर्डिंग लागायचे आणि त्या वेळेत वक्ता स्वतः चॅटमध्ये हजर राहून लोकांच्या शंका वाचायचा. ज्या प्रश्नाला अधिक जणांनी पसंती दिली तो वर सरकायचा. रेकॉर्डिंग संपले की वक्ता थेट येऊन उत्तरे द्यायचा. आणि ती वेळ संपल्यावर त्याच भाषणाची खोली सगळ्यांसाठी उघडली जायची. ज्यांना अजून बोलायचे आहे त्यांनी आत यावे, कॅमेरा लावावा, गप्पा माराव्यात. परिषदेला नेहमी जाणारे लोक सांगतात की भाषणांपेक्षा बाहेरच्या व्हरांड्यात, चहाच्या वेळी झालेल्या ओळखी जास्त मोलाच्या असतात. ऑनलाइन परिषदेत व्हरांडाच नसतो. फॉसडेमने तो मुद्दाम बांधून दिला.

पण व्हरांडा असला तरी तिथे उभे राहून बोलायला धीर लागतो. आपल्या मुलांचे इथेच अडते, आणि ते अडणे इंटरनेटचे नाही. वर्गात प्रश्न विचारण्याची सवय नसते, इंग्रजी लिहिताना चूक होईल अशी धास्ती असते, समोरचा माणूस कोणीतरी फार मोठा आहे असे वाटते. मग मुले दिवसभर पाहत राहतात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र आले की नाही ते तपासतात. जी परिषद नुसती पाहिली ती यूट्यूबवर महिनाभराने पाहिली असती तरी काही बिघडले नसते.

चांगला प्रश्न कसा विचारावा हे शिकता येते. “सर, मला एक शंका आहे, विचारू का?” एवढेच लिहून थांबलेल्या माणसाला चॅटमध्ये कोणी उत्तर देत नाही, कारण उत्तर देण्यासारखे काही आलेलेच नसते. त्याऐवजी मी काय करत होतो, कोणती आज्ञा दिली, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात पडद्यावर कोणता संदेश आला, आणि मी आतापर्यंत काय करून पाहिले, हे चार-पाच ओळींत लिहावे. इंग्रजी मोडके असले तरी चालते. त्या खोलीतल्या जर्मन, ब्राझिली, जपानी माणसांचेही इंग्रजी शिकलेलेच असते. आणि मिनीडेबकॉन्फ इंडियाने तर इंग्रजीच्या बरोबरीने भारतीय भाषांतल्या भाषणांनाही जागा दिली होती. स्वयंसेवकांनी भरवलेल्या परिषदेत हे जमते, कारण तिथे भाषा ठरवणारे आपल्यातलेच असतात.

समुदायाच्या बहुतेक परिषदांत एक दिवस भाषणांऐवजी कामाचा असतो. पायथॉनवाले त्याला स्प्रिंट म्हणतात, वर्डप्रेसवाले कॉन्ट्रिब्युटर डे. नवख्याने दुसरे काही केले नाही तरी हा दिवस सोडू नये. त्या दिवशी प्रकल्पाचे जुने लोक खास नव्यांसाठी बसलेले असतात. पहिले काम अगदी छोटे असते: माहितीपत्रातली चूक सुधारणे, एखादी तक्रार आपल्या संगणकावर खरोखर घडते का ते तपासणे, एखादी चाचणी लिहिणे. पण त्या छोट्या कामात तुम्ही दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचता, बदल पाठवता, त्यावरची टीका ऐकता आणि पुन्हा सुधारून देता. कॉलेजच्या चार वर्षांत हे क्वचितच घडते. तिथला प्रोजेक्ट ओरलपुरता असतो.

यात एक धोका आहे, आणि तो आपल्याच देशातल्या उदाहरणाने सांगायला हवा. 2014 पासून दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा ऑनलाइन उपक्रम चालतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या संख्येने बदल पाठवणाऱ्यांना तेव्हा टी-शर्ट मिळे. 2020 च्या ऑक्टोबरात पहिल्या दोन-तीन दिवसांतच जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर आला. माहितीपत्राच्या पहिल्या ओळीत एखादे विशेषण घुसडायचे आणि बदल म्हणून पाठवायचे, असे हजारो वेळा झाले. त्यात भारतातल्या नवशिक्यांचा मोठा वाटा होता. रात्री नोकरीनंतर फुकट काम करणाऱ्या लोकांना हा कचरा हाताने काढावा लागला. 3 ऑक्टोबरला आयोजकांनी नियम बदलला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला आहे, तेवढेच धरले जातील. त्या मुलांचा हेतू वाईट नव्हता. बदल कोणाकडे जातो, तो कोण वाचतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. परिषदेच्या कामाच्या दिवशी तो वाचणारा माणूस समोर दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, आणि मग असला बदल पाठवायला हात धजत नाही.

मराठी येणाऱ्याला तर अशी कामे मुबलक आहेत, आणि ती दुसरा कोणी करू शकत नाही. वर्डप्रेसच्या पडद्यावरची वाक्ये स्वयंसेवक मराठीत आणतात. कोणीही भाषांतर सुचवू शकते, मग भाषेचे संपादक ते तपासून मान्य करतात. डेबियन संगणकावर बसवताना मराठीतून सूचना दिसतात, त्याही अशाच कोणीतरी लिहिलेल्या आहेत. मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ हा प्रकल्प लोकांच्या आवाजात वाचलेली वाक्ये गोळा करतो, म्हणजे संगणकाला बोललेली भाषा ओळखायला शिकवता येते. त्यात मराठीही आहे. तिथे वाक्य वाचून द्यायला प्रोग्रामिंग येण्याचीही गरज नाही. पुण्यामुंबईचेच आवाज त्यात भरले तर यंत्राला तेवढीच मराठी कळेल. डांगाणातल्या मुलीचा, श्रीगोंद्याच्या आजोबांचा, भिंगारच्या दुकानदाराचा आवाज त्यात असायला हवा.

ऐकणारा पुढे बोलणारा झाला पाहिजे, आणि त्यासाठीची वाटही उघडी आहे. परिषदा काही महिने आधी भाषणांचे प्रस्ताव मागवतात. पायकॉन इंडियाने यासाठी स्वतःचे संकेतस्थळ बनवले, आणि तिथे आलेले प्रस्ताव कोणालाही वाचता येतात. विषय काय, श्रोत्याला आधी काय यायला हवे, कितव्या मिनिटाला काय सांगणार, हे त्यात लिहिलेले असते. दुपारभर बसून मागच्या वर्षांचे पंचवीस प्रस्ताव वाचले तर चांगला कोणता आणि उडवाउडवीचा कोणता, हे आपोआप कळू लागते. पूर्ण भाषणाचा धीर नसेल तर पाच मिनिटांचे ‘लाइटनिंग टॉक’ असते. कांद्याच्या बाजारभावाची रोजची आकडेवारी पायथॉनने कशी जमवली, दूध संकलन केंद्राची नोंद मोबाइलवर कशी आणली, असे विषय बंगळुरूच्या माणसाला सुचणार नाहीत. राहात्याच्या मुलाला ते घरातच मिळतात.

भाडे आणि तिकीट ऑनलाइनने संपवले. वीज, रेंज, धीर आणि सोबत हे चार प्रश्न उरले, आणि ते ब्रसेल्सच्या आयोजकांना सोडवता येणार नाहीत. ते तालुक्यातच सुटतील, कारण त्यांची साधने तालुक्यात आहेत. 1983 मध्ये राज्याने खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली तेव्हा संगमनेरचे अमृतवाहिनी, कोपरगावचे संजीवनी आणि लोणीचे प्रवरा ही महाविद्यालये उभी राहिली. आज जिल्ह्यात अशा अनेक संस्था आहेत. त्यांच्याकडे लॅब आहे, प्रोजेक्टर आहे, चांगली इंटरनेट लाइन आहे, जनरेटर आहे. आणि शनिवार-रविवारी तिथे कुलूप असते. तीस मुले तीस वस्त्यांवर एकेकटी अडखळत बसण्यापेक्षा एका लॅबमध्ये एका पडद्यासमोर बसली, तर डेटाचा खर्च तिसाव्या हिश्शावर येतो. शिवाय भाषण संपल्यावर शेजारच्याशी मराठीत वाद घालता येतो, एकाला न कळलेले दुसरा सांगतो, आणि चौघांनी मिळून एक प्रश्न इंग्रजीत लिहून पाठवला की धास्तीही चौघांत वाटली जाते. हरवलेला व्हरांडा असा परत मिळतो. पुण्यात नोकरी करणारा कॉलेजचा एखादा माजी विद्यार्थी त्या दिवशी गावी बोलावला, तर कामाच्या दिवसाला मार्गदर्शकही मिळेल.

2023 पासून फॉसडेम पुन्हा ब्रसेल्सला आणि पायकॉन इंडिया पुन्हा सभागृहात भरते आहे. ऑनलाइनचे दिवस सरले असे समजून बरेच जण गप्प बसले आहेत. पण फॉसडेमच्या खोल्यांतली भाषणे आजही थेट दिसतात, मोफत दिसतात, नावनोंदणीही लागत नाही. हा मेळा दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. विभागप्रमुखांना विनंती आहे: त्या एका शनिवारी लॅब उघडी ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, ती उघडी राहावी म्हणून डिसेंबरातच एक अर्ज लिहून, पंधरा जणांच्या सह्या घेऊन सरांच्या टेबलावर ठेवा.